गाडी उचलली, आरसा फुटला. भरून कोण देणार?

दंड भरला म्हणजे गाडी मोडायचा परवाना दिला असं नसतं. टोइंगमध्ये गाडीचं नुकसान झालं तर काय करायचं, कुणाकडे मागायचं आणि किती मागायचं?

कॉलेजरोड. पहिलं लेक्चर सव्वाआठचं. तुम्ही पोहोचता आठ वीसला. आतलं पार्किंग फुल्ल, म्हणून गाडी गेटबाहेरच्या रांगेत लावता. रांगेत आधीच पंधरा गाड्या आहेत म्हणजे चालत असेल, हा आपला नेहमीचा कायदा. साडेदहाला बाहेर येऊन बघावं तर अख्खी रांगच गायब. टपरीवाले काका चहा गाळता गाळता सांगतात, ‘आत्ताच नेल्या. ट्रक भरला पूर्ण.’

पुढचं अनेकांना पाठ आहे. मित्राच्या मागे बसून उचललेल्या गाड्या ठेवतात तिथं जायचं, लायसन्स-आरसी दाखवायची, दंड आणि टोइंगचे पैसे भरायचे. मग गाडी दिसते. डावा आरसा लोंबकळतोय, ब्रेकचा लिव्हर वाकलाय, साइड पॅनलला चीर गेलीय. बोट दाखवलं की उत्तर तयारच असतं, ‘ते आधीचंच असेल.’ मागे रांग, अकराला प्रॅक्टिकल आणि डोक्यात एकच विचार, घरी कळायला नको. तुम्ही किक मारता आणि निघता.

आणि तिथंच तुमचे पैसे बुडतात.

असं का होतं? कारण आपल्याला आतून वाटत असतं की चूक आपलीच आहे. नो पार्किंगमध्ये लावली आपण, आता कुठल्या तोंडाने भांडायचं? बरोबर आहे, लावली आपणच. पण त्याचे पैसे तुम्ही भरले की! नो पार्किंगचा दंड हे एक खातं झालं. ते तुमच्या नावावर, भरा आणि विसरा. उचलताना, नेताना किंवा ठेवताना गाडी मोडली, हे दुसरं खातं. ते ज्याच्या हातात गाडी होती त्याच्या नावावर. या दोन खात्यांची सरमिसळ झाली की समोरच्याचं काम सोपं होतं आणि आपलं तोंड बंद होतं.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२७ टोइंगबद्दल आहे. जिथं पार्किंगला कायद्याने मनाई आहे तिथं लावलेली, किंवा सार्वजनिक जागेत दहा तास किंवा त्याहून जास्त बेवारस सोडलेली गाडी टोइंगने हलवायला त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. टोइंगचा खर्च मालकाने द्यायचा, हेही तिथंच लिहिलंय. म्हणजे ‘टोइंग बेकायदा आहे हो’ असं म्हणून वाद घालण्यात दम नाही. पण दोन गोष्टी नीट वाचा. एक, परवानगी पोलीस अधिकाऱ्याची लागते. ट्रकवरच्या पोराने मनाला येईल ती गाडी उचलायची नसते. दोन, खर्च मालकाचा असं म्हटलंय तो गाडी हलवण्याचा. हलवताना मोडतोड झाली तर तीही मालकाच्या माथी, असं या कलमात कुठेच नाही.

बहुतेक शहरांत गाड्या उचलण्याचं काम ठेकेदाराला दिलेलं असतं. ट्रक त्याचा, माणसं त्याची, सोबत वाहतूक पोलीस. त्यामुळे तक्रार घेऊन गेलात की टोलवाटोलवी सुरू होते. ठेकेदार म्हणतो पोलिसांना विचारा, पोलीस म्हणतात ठेकेदाराला विचारा. उत्तर सोपं आहे: लेखी मागणी दोघांकडे करायची, एकाच कागदावर. ते पुढे येतंच.

मोडतं काय आणि का?

दुचाकी उचलताना तिचं हँडल बहुतेक वेळा लॉक असतं. चार जण पुढून-मागून धरतात आणि गाडी वर चढवतात. पकड कुठे बसेल ते सांगता येत नाही. कधी मागचा ग्रॅबरेल, कधी मडगार्ड, कधी थेट सायलेन्सर. ट्रकमध्ये गाड्या खेटून उभ्या केल्या की एकीचा फूटरेस्ट दुसरीच्या पॅनलमध्ये घुसतो. आरसे, इंडिकेटर, क्लच-ब्रेकचे लिव्हर हे सगळ्यांत आधी जातात, कारण ते बाहेर आलेले असतात. हे लगेच दिसतं. न दिसणारं जास्त महाग असतं. हँडल लॉक असताना जोर लावून वळवलं तर लॉक बिघडू शकतं. गाडी आपटली तर रिम वाकतो, फोर्कची अलाइनमेंट जाते. गाडी ताब्यात घेतल्यावर हळू वेगात, मोकळ्या जागी हँडल एका बाजूला ओढतंय का ते बघा.

कारचं प्रकरण वेगळं. पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर फिरवत नेणं हे फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीला चालतं, हँडब्रेक लावलेला नसेल तर. हँडब्रेक लावलेला असेल तर मागची चाकं घासत जातात. ऑटोमॅटिक गाडीची ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते तीच चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर गिअरबॉक्सला धोका असतो. इलेक्ट्रिक कारच्या मॅन्युअलमध्ये तर साधारणपणे सरळ लिहिलेलं असतं की चारही चाकं वर घेऊन, सपाट ट्रकवरूनच न्या. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलं ते एक पान पुढे पुरावा म्हणून कामाला येतं. ते पुस्तक डिकीत प्लास्टिकमध्येच पडून आहे ना? काढा बाहेर.

गाडी काढायच्या आधीची दहा मिनिटं

सगळा खेळ इथं आहे. गाडी एकदा गेटबाहेर गेली की ‘बाहेर पडली असेल, तुम्हीच आपटली असेल’ हे म्हणणं खोडता येत नाही.

म्हणून किल्ली लावू नका. आधी मोबाइल काढा. एक सलग व्हिडिओ घ्या: आधी जागा दिसू दे, मग आजूबाजूच्या गाड्या, मग तुमची नंबरप्लेट आणि मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी. त्यानंतर एकेका नुकसानीचे जवळून फोटो. ताजं तुटलेलं प्लास्टिक ओळखू येतं. कड स्वच्छ असते, तिच्यावर धूळ किंवा तेलकटपणा बसलेला नसतो. दुसऱ्या गाडीचा रंग तुमच्या पॅनलला लागलेला असेल तर तो खास टिपा. किलोमीटरचा आकडा घ्या. तुमच्या गाड्या आणणारा ट्रक तिथं उभा असेल तर त्याची नंबरप्लेटही. फोटो व्हॉट्सॲपवरून फिरवल्यावर त्यांच्यातली वेळेची माहिती निघून जाते, म्हणून मूळ फाइल फोनमधून उडवू नका.

आता दुसरा पुरावा. ‘आधी गाडी अशी नव्हती’ हे कसं दाखवणार? इथं तुमची गॅलरी कामाला येते. सोमेश्वरला गेलात तेव्हाचा गाडीसोबतचा सेल्फी, सर्व्हिसिंगनंतर टाकलेली स्टोरी, मित्राच्या वाढदिवसाचा व्हिडिओ ज्यात मागे गाडी उभी आहे. जितका अलीकडचा तितका चांगला. स्टोरी चोवीस तासांनी दिसायची बंद होते, पण बहुतेकांच्या अर्काइव्हमध्ये पडून असते. इतके दिवस आई ‘किती फोटो काढता रे’ म्हणून ओरडली, त्याचं काहीतरी चीज होऊ दे.

मग पावती. पैसे भरल्याची पावती घ्याच. कुठल्या कागदावर सही मागितली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहा: ‘डावा आरसा, ब्रेक लिव्हर व साइड पॅनल तुटलेल्या स्थितीत गाडी मिळाली. भरपाईचा हक्क राखून ताब्यात घेत आहे.’ लिहू देत नसतील तर सही केल्यानंतर त्या कागदाचा फोटो मागा. तोही देत नसतील तर तिथूनच पोलीस आयुक्तालयाच्या ईमेलवर चार ओळी आणि फोटो पाठवा. ईमेलवर वेळ आपोआप पडते, ती कुणाला बदलता येत नाही.

आवाज मात्र चढवू नका. ट्रकसमोर आडवं उभं राहणं, किल्ली हिसकावणं, धक्काबुक्की यातून ‘सरकारी कामात अडथळा’ असा गुन्हा अंगावर येऊ शकतो, आणि मग आरशाचे सातशे राहिले बाजूला, पासपोर्ट आणि नोकरीच्या व्हेरिफिकेशनला उत्तरं देत बसावं लागतं. तिथल्या हवालदारांशी ‘साहेब, एवढं बघता का’ असंच बोला. त्यांचं नाव छातीवरच्या पट्टीवर असतं, ते फक्त लिहून घ्या.

जिथून गाडी उचलली तिथं परत जा, त्याच दिवशी. समोरच्या दुकानाचा, बँकेचा, कॉलेजच्या गेटचा कॅमेरा रस्त्याकडे आहे का बघा. ही रेकॉर्डिंग काही दिवसांतच नव्याने पुसली जातात. दुकानदाराला विनंती करा. कॉलेज असेल तर प्राचार्यांच्या नावे अर्ज द्या की अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवावं. टपरीवाले काका बघत होते ना? त्यांना विचारून ठेवा, गरज पडली तर दोन ओळी लिहून देतील का.

‘आमची जबाबदारी नाही’ असा बोर्ड

पार्किंगच्या कुपनवर, गॅरेजच्या भिंतीवर, गाड्या ठेवतात तिथं, सगळीकडे हे वाक्य भेटतं. ‘वाहनाच्या नुकसानीस व्यवस्थापन जबाबदार नाही.’ आपण वाचतो आणि गप्प बसतो. बोर्ड लावला की कायदा बदलतो असं आपल्याला का वाटतं, कुणास ठाऊक.

सुप्रीम कोर्टात अगदी याच वाक्यावर खटला झालाय. १ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने मारुती झेन पार्किंगसाठी हॉटेलच्या माणसाच्या हाती दिली. गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या टोकनवर छापलेलं होतं की गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर लावली जातेय. विमा कंपनीने मालकाला पैसे दिले आणि मग हॉटेलच्या मागे लागली. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, निकाल लागला १४ नोव्हेंबर २०१९ ला. कोर्टाने म्हटलं, गाडी तुमच्या ताब्यात दिली होती, ती त्याच स्थितीत परत करणं तुमचं काम. झालं नाही तर आपली हयगय नव्हती हे तुम्ही सिद्ध करा. स्वतःच्या निष्काळजीपणावर छापील वाक्याचं पांघरूण घालता येणार नाही.

यामागे १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली कलमं आहेत. दुसऱ्याची वस्तू तुमच्या ताब्यात आली की शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घेतली असती तितकी काळजी घ्यायची, असं कलम १५१ सांगतं.

‘पण ताजमध्ये किल्ली पाहुण्याने स्वतः दिली. माझी गाडी तर मला न विचारता नेली.’ बरोबर प्रश्न विचारलात. याचं उत्तर आणखी जुन्या खटल्यात आहे आणि तो वाचताना मला सिनेमाच आठवत होता. स्वातंत्र्यानंतर लगेचच जुनागढच्या कस्टम्सने एका माणसाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन जप्त केली. त्याचं अपील चालू असतानाच पोलिसांनी मॅजिस्ट्रेटकडून आदेश घेतला आणि गाड्या बेवारस म्हणून विकून टाकल्या. पुढे अपिलात तो जिंकला, पण परत घ्यायला गाड्याच नव्हत्या. सरकारचं म्हणणं, आमच्यात आणि त्याच्यात कुठला करार झाला होता? १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की करार नसला तरी, वस्तू ताब्यात घेतलीत म्हणजे ती नीट सांभाळायची आणि परत करायची जबाबदारी आली. मेमन महोमेद हाजी हसन हा तो खटला. टोइंगच्या अर्जात याचा एका ओळीचा उल्लेख केलात तरी वाचणारा जरा सरळ बसेल.

सगळं आपल्याच बाजूचं आहे असंही नाही. त्याआधी, १९६४ मध्ये, कस्तुरीलाल खटल्यात याच कोर्टाने उलट निकाल दिला होता. मेरठमध्ये १९४७ साली पोलिसांनी एका सराफाचं शंभर तोळ्यांहून जास्त सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं. हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला. कोर्ट म्हणालं, जप्ती हे सरकारचं सार्वभौम काम, भरपाई नाही. हा निकाल आजही सरकारी वकील काढतात. पण १९९४ च्या नागेंद्र राव खटल्यात, जप्त केलेलं खत आणि धान्य सडवल्याबद्दल सुप्रीम कोर्टाने सरकारला जबाबदार धरलं आणि ही ढाल बरीच छोटी केली. आणि खाजगी ठेकेदाराला ती ढाल आपली म्हणणं तर अजून अवघड.

मागायचे किती?

इथं आपली पोरं दोन टोकांना जातात. एक तर ‘जाऊ दे यार’, नाहीतर ‘पन्नास हजार द्या, मानसिक त्रास झाला’. दुसऱ्या टोकाला गेलात की तुमचा खरा सातशेचा आरसाही कुणी गांभीर्याने घेत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून लेखी एस्टिमेट घ्या, जीएसटी नंबरसकट. शक्य असेल तर दुसऱ्या गॅरेजचंही. समजा आरसा ४५०, लिव्हर २५०, पॅनल १,८०० आणि मजुरी ५००. झाले ३,०००. गाडी दोन दिवस गॅरेजला होती आणि म्हसरूळहून कॉलेजला रिक्षाने आलात, तर तेही जोडा, पण भाड्याचे मेसेज किंवा यूपीआयच्या नोंदी असतील तरच. दंडाची रक्कम यात टाकू नका. ते खातं वेगळं, हे आपणच म्हणतोय ना? दंडच चुकीचा वाटत असेल, म्हणजे तिथं नो पार्किंगचा बोर्ड नव्हताच वगैरे, तर ती तक्रार महाट्रॅफिक ॲपवर चलनाविरुद्ध स्वतंत्र करा.

पॅनलवर उजवीकडे जुना ओरखडा होता? सांगून टाका. ‘उजवीकडचा ओरखडा जुना आहे, त्याची मागणी नाही’ एवढं एक वाक्य तुमच्या बाकीच्या सगळ्या वाक्यांचं वजन वाढवतं. आणि आठ वर्षं जुन्या गाडीला नवाकोरा पार्ट बसवला तर समोरचा घसारा वजा करायला सांगेल. ते अगदीच चूक नाही. किती सोडायचं ते आधीच ठरवून जा.

हे तीन हजार कुणासाठी काहीच नसतील. पण हॉस्टेलवर राहणाऱ्या, सिन्नर-येवल्याहून आलेल्या पोराचा तो महिन्याचा मेसचा हिशेब असतो. आणि गाडी बहुतेक वेळा आपली नसतेच. आरसी बाबांच्या नावावर, हप्ता आईच्या खात्यातून. याचा कायदेशीर अर्थही आहे: भरपाई मागायचा हक्क आरसीवर ज्याचं नाव त्याचा. म्हणजे ‘घरी कळायला नको’ हे जमणार नाही. अर्जावर मालकाची सही घ्या, किंवा त्यांच्याकडून ‘माझ्या वतीने अर्ज करण्यास अमुकला अधिकार देत आहे’ असं पत्र घ्या. एक संध्याकाळ बोलणी खावी लागतील. खा.

अर्ज

लांबलचक नको. असा चालेल:

‘प्रति, मा. पोलीस आयुक्त, नाशिक शहर. प्रत: शहर वाहतूक शाखा, संबंधित टोइंग ठेकेदार. विषय: टोइंगदरम्यान वाहनाच्या झालेल्या नुकसानीची भरपाई. महोदय, माझे वाहन क्र. एमएच १५ ... हे दि. ... रोजी ... येथून टोइंग करण्यात आले. दंड व टोइंग शुल्क रु. ... भरले असून पावतीची प्रत जोडली आहे. वाहन ताब्यात घेताना पुढील नुकसान आढळले: ... वाहन उचलण्यापूर्वी ते सुस्थितीत असल्याचे फोटो व ताब्यात घेतानाचे फोटो जोडले आहेत. दुरुस्तीचा खर्च रु. ... असून एस्टिमेट सोबत आहे. ही रक्कम १५ दिवसांत मिळावी. संबंधित ठिकाणचे व टोइंग वाहनावरचे चित्रीकरण असल्यास जतन करावे, ही विनंती.’

दोन प्रती न्या. एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घ्या. ही पोच नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता, असं समजा. ठेकेदाराला स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोचल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

पंधरा दिवसांत काही हललं नाही तर माहिती अधिकार वापरा. २००५ चा कायदा, फी दहा रुपये, उत्तर तीस दिवसांत. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहावा लागतो, म्हणून भाषण करू नका. मागा एवढंच: टोइंगच्या ठेक्याच्या कराराची प्रत, त्यातली वाहनांच्या नुकसानीची जबाबदारी आणि विम्याबद्दलची अट, आणि गेल्या वर्षभरात नुकसानीच्या किती तक्रारी आल्या व किती जणांना भरपाई मिळाली. करारात ‘नुकसान ठेकेदार भरून देईल’ अशी अट निघाली तर तुमचं अर्धं काम तिथंच झालं.

पुढचे दरवाजे

ग्राहक आयोग हे नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा आयोगात तक्रार करायला वकील लागत नाही, व्यवहाराची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते आणि मुदत दोन वर्षांची. ऑनलाइनही होते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन केला तर काही कंपन्या तिथंच मिटवतात. पण पोलीस टोइंगमध्ये एक खड्डा आहे. समोरचा म्हणेल, हा ग्राहक कसला? याने सेवा विकत घेतली नाही, कायद्याने वसूल केलेले पैसे भरले. यावर तुमचं म्हणणं असं की टोइंगचं शुल्क दंडापासून वेगळं घेतलं, म्हणजे ते कामाचे पैसे. आयोग काय मानेल याची खात्री देता येत नाही. उलट कसारा घाटात गाडी बंद पडली आणि तुम्ही स्वतः क्रेन बोलावली, किंवा विमा कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सने पाठवली आणि त्यांनी बंपर तोडला, तर तुम्ही शंभर टक्के ग्राहक. तिथं बिनधास्त जा.

सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. मुली आणि महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथं मोफत वकील मिळतो; अनुसूचित जाती-जमातींना आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्यांनाही. खटल्याआधीच समेट घडवायचा अर्जही तिथं देता येतो. तीन हजारांसाठी दिवाणी दावा मी तरी सुचवणार नाही. सरकारविरुद्ध दावा करायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि तोवर तुमची परीक्षा येईल. कारचा गिअरबॉक्स गेला असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वकील गाठाच.

पोलिसांत गुन्हा नोंदवा म्हणून हट्ट धरू नका. ‘आगळीक’ या गुन्ह्यासाठी मुद्दाम किंवा जाणूनबुजून केलेलं नुकसान लागतं. हलगर्जीपणाने आरसा तुटणं त्यात सहसा बसत नाही.

विमा? आधी पॉलिसी उघडा. नुसता थर्ड पार्टी असेल तर स्वतःच्या गाडीचं काही मिळणार नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर रस्त्याने वाहून नेताना झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसतं. मात्र प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर पन्नास टक्के घसारा कापला जातो आणि नो क्लेम बोनसही जातो. पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पन्नासपर्यंत चढणारी ती सवलत आरशासाठी घालवायची का, याचं गणित कागदावर करा. आणि एक बारीक गोष्ट: तुमची गाडी उचललीच नव्हती, पण शेजारची उचलताना टोइंगच्या ट्रकने तुमची पाडली, तर तुम्ही त्या ट्रकच्या थर्ड पार्टी विम्यातले तिसरे. म्हणून ट्रकचा नंबर.

व्हायरल करू का?

हा प्रश्न येणारच. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत मालाडला बाई बाळाला दूध पाजत गाडीत बसलेली असताना कार ओढून नेली, व्हिडिओ फिरला, हवालदार निलंबित झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये पुण्यात नाना पेठेत मोटारसायकल मालकासकट उचलली, तो फोटो देशभर गेला. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या पोलीस आयुक्तांनी प्रायोगिक म्हणून टोइंगच थांबवलं. म्हणजे मोबाइलची ताकद आहे. पण नीट बघा, व्हायरल झाल्यावर चर्चा होते, कारवाई होते. तुटलेल्या आरशाचे पैसे मात्र शिक्का असलेल्या अर्जानेच मागावे लागतात. रील टाकायचीच असेल तर पोच घेतल्यानंतर टाका, आणि ट्रकवरच्या पोराचा चेहरा झाका. तोही आपल्याच वयाचा, दिवसाच्या हजेरीवर आलेला असतो. करारावर सही त्याने केलेली नाही.

एवढं केल्यावर एक दिवस फोन येईल. ‘भाऊ, कशाला वाढवताय? पाचशे घ्या, मिटवून टाकू.’ रागवू नका, ही चांगली बातमी आहे. समोरच्याने तुमचं म्हणणं मोजायला घेतलंय. तुम्ही मनाशी धरलेल्या आकड्याजवळ येत असेल तर घ्या, पण रोख नको, खात्यावर. ज्या कागदावर सही मागतील त्यात रक्कम, गाडीचा नंबर आणि कशाची भरपाई ते लिहिलंय का बघा. ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं त्यात असेल तर त्याआधी मेकॅनिककडून फोर्क आणि रिम तपासून घ्या, कारण ते नंतर निघालं तर मागता येणार नाही. पैसे आल्याचा मेसेज फोनवर दिसला की मग पेन हातात घ्या.